पुढं कुठलं अन् मागं कुठलं

"बैल गाडीच्या पुढं बांधतात का मागं?" आप्पांनी विचारलं.

"पुढं."

"मग शिसं कुठं घालायला पाहिजे?"

"मागं," मी म्हणाले.

आप्पांनी हातातली कानस खाली ठेवली. मी त्यांच्या चहात मूठभर मीठ टाकल्यासारखं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "वैजू, चाळीस वर्षं लाकूड घासतोय मी. तू किती वर्षं घासलंस?"

मी बारा वर्षांची होते. 

आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर एक वीतभर लांबीची लाकडी गाडी होती. हे सगळं खूळ शाळेतल्या मगदूम बाईंचं. त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या. त्यांचा भाऊ अमेरिकेत होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या त्याच्याकडं जाऊन आल्या आणि येताना डोक्यात एक शर्यत घेऊन आल्या. तिकडं म्हणे बाप आणि पोर मिळून पाइनच्या लाकडाच्या ठोकळ्यातून एक गाडी करतात आणि घसरणीवरून सोडतात. मोटर नाही, किल्ली नाही, ढकलायचंसुद्धा नाही. नुसती सोडायची. ज्याची गाडी आधी खाली पोचेल त्याचा नंबर.

इचलकरंजीत पाइन मिळायला अडचण नव्हती. तेव्हा परदेशातून नवे माग यायला लागले होते आणि ते ज्या खोक्यांतून यायचे ती खोकी पाइनचीच असायची. बाईंनी एका कारखानदाराकडून दोन खोकी मागून आणली, त्यांचे सारखे ठोकळे पाडून घेतले आणि आम्हा बावीस पोरापोरींना एकेक ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं आणि चार खिळे वाटले. गाडीचं वजन दीडशे ग्रॅमच्या वर जायचं नाही. आई किंवा वडील बरोबर पाहिजेत. आणि एकदा गाडीचं वजन झालं, की ती शर्यत संपेपर्यंत तिच्यात काहीही बदल करायचा नाही. पहिल्या तीन जोड्या कोल्हापूरच्या शर्यतीला जाणार होत्या.

मी ठोकळा घरी आणला तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो नखानं कोरून बघितला.

"ह्याला लाकूड म्हणायचं? नख रुततंय की ह्यात."

तरी त्यांनी तो नाकाला लावून वास घेतला, दोनदा घेतला, आणि बाकावर ठेवला. आई माझ्याकडं बघून हसली. बऱ्याच महिन्यांनी आप्पा संध्याकाळी स्वतःहून शेडमध्ये दिवा लावून बसले होते.

आप्पा धोटे करायचे. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं आणि तिकडून इकडं पळणारा लाकडाचा तुकडा. दोन्ही टोकांना निमुळता, दोन्हीकडून अगदी सारखा. धोंडीराम सुताराचा धोटा म्हणजे तोंडात बोट घालायचं काम, असं सगळा गाव म्हणायचा. पण नव्या मागांना धोटाच लागत नव्हता. जुने माग भंगारात निघाले तसं शेडमधलं लेथ दिवसदिवस गप्प राहायला लागलं.

आणि आप्पा कधी चुकत नसत. म्हणजे चुकायचे चारचौघांसारखेच, पण कबूल करायची पद्धत नव्हती. एकदा मिरजेला जायचं म्हणून निपाणीच्या एसटीत बसले. निपाणीला उतरले, तिथल्या बाजारातून चार किलो वांगी घेतली आणि संध्याकाळी घरी आले. "मला निपाणीलाच जायचं होतं," म्हणाले. आठवडाभर आम्ही वांगी खाल्ली.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर नेलं. पण दादाच्या बाबतीत ते हसण्यावारी गेलं नाही. माझा भाऊ सुहास आप्पांच्या हाताखाली चांगला तयार झाला होता. तो म्हणाला, "आप्पा, धोटे बास झाले. ह्याच लेथवर क्रिकेटच्या स्टंपा करू, पोळपाट-लाटणी करू." आप्पा असे ओरडले, की शेजारच्या गल्लीतली माणसं दारात आली. तू मला शिकवणार का, तुझी अक्कल केवढी, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी दादानं बॅग भरली आणि पुण्याला नोकरीला गेला. दीड वर्ष झालं होतं. आईला फोन करायचा, माझ्याशी बोलायचा, आप्पांचं नाव दोघांपैकी कुणी काढायचं नाही.

त्यामुळं मला गाडीपायी आप्पांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. आणि शिसं मागंच पाहिजे, हेही मला पक्कं ठाऊक होतं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात घेऊन मी तो आठवडा काढला.

गाडी करायला आप्पा रविवारी सकाळी बसले. पटाशी, रंधा, कानस, मग पॉलिश पेपर. मला एवढंच काम होतं की भुसा फुंकायचा. दुपारी उठले तेव्हा त्यांच्या हातात धोटाच होता. चार चाकांचा, लोण्यासारखा गुळगुळीत, दोन्हीकडून निमुळता धोटा.

"आप्पा, ह्याचं पुढं कुठलं अन् मागं कुठलं?"

आप्पांनी गाडी एका बाजूनं बघितली, दुसऱ्या बाजूनं बघितली. चाळीस वर्षांच्या सवयीनं हातांनी आपलं काम करून टाकलं होतं.

"कुठलं का असेना," ते म्हणाले. "शिसं घालू ते पुढं."

गाडी नव्वद ग्रॅम भरली होती. म्हणजे जास्त जोरानं पळावी म्हणून साठ ग्रॅम शिसं घालायला वाव होता. ते कुठं घालायचं, एवढाच काय तो प्रश्न होता.

दुपारी आप्पा झोपल्यावर मी आईकडून कणकेचा एक गोळा मागून घेतला. शेडमधली लांब फळी दोन विटांवर टेकवली. गोळा गाडीच्या एका टोकावर थापला, ते टोक पुढं करून गाडी सोडली आणि फरशीवर कुठपर्यंत जाते ते बघितलं. मग तीच गाडी उलटी लावून सोडली. दहा दहा वेळा केलं, वहीत लिहिलं. वजन मागं असलं की गाडी दरवेळी तीन-चार फरशा जास्त जात होती. का, ते मला नीट सांगता येत नव्हतं. पण फरशा तर मोजता येत होत्या.

संध्याकाळी मी वही आप्पांपुढं धरली.

"कणीक ती कणीक आणि शिसं ते शिसं," आप्पा म्हणाले. "जड टोक पुढं असलं की ते गाडीला ओढून नेतं. साधी गोष्ट आहे."

"पण आप्पा, फरशा..."

"फरशा मी बसवल्यात. त्यांना काय कळतंय."

मी आणखी बोलणार, तेवढ्यात आईनं मला आत हाक मारली. भाकरी थापता थापता हळू आवाजात म्हणाली, "वैजू, घरात एकाचा अबोला आहे तेवढा पुरे. तू आणखी वाद घालू नकोस. गाडीच आहे ती, हरली तर हरली."

"पण आई, माझं बरोबर आहे."

"तुझ्या दादाचंही बरोबरच होतं की," आई म्हणाली आणि तवा उतरवला.

पुढचे तीन दिवस मी रोज एकदा, अगदी गोडीत, "आप्पा, मागं घालून बघूया का?" असं विचारलं. चौथ्या दिवशी शाळेतून आले तर आप्पांनी एका टोकाच्या पोटात भोक पाडून शिसं बसवलं होतं, वर लाकडाचं बूच ठोकून घासलं होतं आणि पॉलिश मारलं होतं. बूच कुठं आहे ते बोट फिरवूनही कळत नव्हतं. एवढं देखणं काम, की चिडायचीही सोय नाही. बोटावर तोलून धरलं तरच जड बाजू लागत होती.

त्या संध्याकाळी चौकातल्या चहाच्या गाड्यावर आप्पांनी मलगोंडा बिरनाळेंना सांगितलं, "पहिला नंबर आमचा, लिहून ठेवा." बिरनाळे जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. त्यांचा सम्मेद माझ्याच वर्गात होता आणि शर्यतीतही होता.

"लिहून कशाला ठेवायचं, आप्पा?" बिरनाळे म्हणाले. "तुम्ही म्हटलं म्हणजे झालंच की."

रविवारी शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तीन पट्ट्यांची प्लायवूडची घसरण उभी केली होती. वरच्या टोकाला मुलं, दोरीच्या पलीकडं आईबाप. बाईंनी ओळखीच्या सराफाकडून तराजू आणला होता आणि प्रत्येक गाडी सोन्यासारखी तोलून घेतली. आमची बरोबर एकशे पन्नास भरली. आप्पांनी मान हलवून आजूबाजूला बघितलं. प्रत्येक गाडीला तीन वेळा पळायचं होतं आणि तीनातली सगळ्यात चांगली वेळ धरायची होती.

पहिल्या वेळी आमची गाडी तिघांत तिसरी आली.

"खिळा घासतोय," आप्पा दोरीपलीकडून म्हणाले.

दुसऱ्या वेळी परत तिसरी. तिच्या पुढं गेलेली एक गाडी तर पार फतकल मारून बसलेल्या बेडकासारखी होती.

"ती घसरणच वाकडी आहे," आप्पा शेजारच्या माणसाला सांगत होते. "बाईंना सुताराला विचारून करायला काय झालं होतं?" पण त्यांचा आवाज उतरला होता आणि टोपी दोनदा काढून परत घातली होती.  बिरनाळे नुसते मिशीतल्या मिशीत हसले, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या वेळेसाठी माझं नाव पुकारलं. मी गाडी घेऊन स्टुलावर चढले. ती बोटावर तोलली, जड बाजू कुठली ते बघितलं. शेजारी सम्मेद त्याची गाडी लावून उभा होता. जड बाजू पुढं लावायची, हरायचं, घरी जायचं, आप्पा घसरणीला नावं ठेवतील, महिनाभरात सगळे विसरून जातील. घर जसं आहे तसं राहील. किंवा.

मी गाडी फिरवली आणि उलटी लावली.

लगेच मान वळवून मागं बघितलं, कारण आप्पांना न बघता हे करण्याइतकी मी शूर नव्हते. दोन्ही टोकं सारखी होती, कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण माझ्या बापाला कळलं होतं. आप्पांचा उजवा हात वर गेला होता आणि तोंड उघडलं होतं. ते तोंड उघडल्यावर काय होतं ते मी दादाच्या वेळी ऐकलं होतं.  क्षणभर वाटलं, परत फिरवावी.

तेवढ्यात आप्पांचा हात खाली आला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला आणि तोंड मिटलं.

"सोडा!" बाई म्हणाल्या.

गाडी अशी सुटली, की मला ती दिसलीच नाही. खट् असा आवाज आला तेव्हा ती खालच्या गादीवर आपटली होती आणि सम्मेदची गाडी तिच्या बरोबरीनं आपटली होती. केसभर पुढं सम्मेदची, पण केसभरच. तिसरी गाडी तर अजून वाटेतच होती. सभागृहात एकच गलका झाला. मी स्टुलावरून उडी मारली आणि चप्पल तिथंच राहिली.

"एक मिनिट, बाई," बिरनाळे दोरी उचलून पुढं आले. "दोन वेळा गोगलगाय आणि तिसऱ्या वेळी घोडा, हे कसं? मधल्यामध्ये गाडीत काहीतरी बदल केलाय."

 बाईंनी गाडी परत तराजूत घातली. एकशे पन्नास. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, खालून बघितली, बोटावर तोलली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"आप्पा, ही तर दोन्हीकडून सारखीच आहे! आणि वजन एका बाजूला. म्हणजे दोन्हीकडून पळवून बघता यावी म्हणून तुम्ही मुद्दामच अशी केलीत होय?" त्या लोकांकडं वळून म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात कारागीर."

टाळ्या पडायला सुरुवात झाली. आप्पांना फक्त हो म्हणायचं होतं. मानसुद्धा हलवली असती तरी चाललं असतं. मला वाटलं, हलवणार. निपाणीची वांगी खाल्ली होती आम्ही.

आप्पांनी टोपी काढली.

"नाही, बाई," ते म्हणाले. "मला धोट्याशिवाय दुसरं काही करता येत नाही, म्हणून ती तशी झाली. शिसं पुढं घालायचं मी ठरवलं. पोरगी चार दिवस सांगत होती मागं घाला, मागं घाला. तिनं दहा दहा वेळा करून बघितलं होतं, वहीत लिहून आणलं होतं. मी वही बघितलीसुद्धा नाही. आता तिनं गाडी उलटी लावली आणि तिचं बरोबर निघालं." ते थांबले. "माझं चुकलं."

मागच्या रांगेत आई बसली होती. ती उभीच राहिली.

बिरनाळेंनी कानाला हात लावला. "आप्पा, शेवटचं नीट ऐकू आलं नाही. परत एकदा म्हणता का?"

"नाही," आप्पा म्हणाले.

सभागृह हसून हसून फुटायचं बाकी राहिलं. बिरनाळे सगळ्यात जास्त हसले आणि त्यांनीच बाईंना सांगितलं, "असू दे, बाई, गाडी उलटी लावू नये असं तुमच्या नियमात कुठं आहे?" सम्मेदचा पहिला नंबर आला, आमचा दुसरा. म्हणजे कोल्हापूर नक्की झालं.

दुसऱ्या नंबरासाठी पेढे वाटणारा माणूस आमच्या गल्लीनं त्याच्या आधी बघितला नव्हता. आप्पा घरोघर गेले. "वैजूनं गाडी पळवली," एवढंच सांगायचे आणि पेढा हातावर ठेवायचे. गावभर बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. जो तो विचारायचा, "आप्पा, चुकलं म्हणालात म्हणे?" आप्पा म्हणायचे, "पेढा खा."

आज ह्याला सोळा वर्षं झाली. तरी त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यानंतरचं, संध्याकाळचं.

ऊन उतरल्यावर आप्पा शेडमध्ये गेले, मी मागोमाग गेले. ते बाकावर बसून गाडी हातात फिरवत होते. मला राहवेना.

"आप्पा, मी उलटी लावली ते तुम्हाला कसं कळलं? तुम्ही एवढ्या लांब होता."

त्यांनी गाडीच्या कडेला बोट ठेवलं. पॉलिशखाली लाकडात डाळीएवढी गाठ होती. "ही आधी भिंतीकडं होती. तिसऱ्या वेळी माझ्याकडं आली."

"ओरडणार होता ना तुम्ही?"

"होतो."

"मग?"

आप्पांनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"सुहासच्या वेळी ओरडलो होतो," ते म्हणाले.

  मला एकदम रडू आलं आणि हसूही आलं, आणि ते दोन्ही त्यांना दिसू नये म्हणून मी खाली वाकून फरशीवरचा भुसा गोळा करायला लागले. आप्पांनीही मला तो गोळा करू दिला. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, एक जुनं वर्तमानपत्र बाकावर पसरलं आणि पेन्सिल माझ्याकडं सरकवली.

"कोल्हापूरला लई दांडगी पोरं येणार. आता सांग, काय काय करायचं?"

मी नाक पुसलं आणि सांगायला लागले. शिसं आणखी मागं न्यायचं. पण किती मागं, ते करून बघायचं, फार मागं गेलं तर पुढची चाकं उचलतील. आप्पा मध्येच अडवून विचारायचे, "का?" मी सांगायचे. "आणि खिळे?" खिळे घासून त्यावर शिसपेन्सिलीची पूड घालायची, असं मी म्हणाले. "ती कुलपाला घालतात तशी?" तशीच. आप्पांनी मान हलवली आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. तेवढ्यात मी फळी विटांवर टेकवली. आप्पा फरशीवर उकिडवे बसले आणि गाडी येईल तिथं खडूनं रेघ मारायला लागले. दर रेघेला, "वैजू, ही बघ," म्हणायचे. वहीत मी लिहायचे.

आई दारात येऊन कधीची उभी होती कोण जाणे. बघत होती, पदरानं तोंड पुसत होती. शेवटी म्हणाली, "अहो, भाकरी थापायला घेऊ का? अजून किती वेळ चालणार हे तुमचं?"

आप्पांनी खडू खाली ठेवला नाही आणि मानही वर केली नाही.

"मला काय विचारतीस?" ते म्हणाले. "हिला विचार."